लिनक्स लेटेस्ट घ्यावं की स्टेबल? आधी बदल कधी हवाय ते ठरवा

लिनक्स टाकायचं डोक्यात आलं की पहिला प्रश्न कुठलं डिस्ट्रो (लिनक्सचा वापरायला तयार संच) हाच असतो, आणि ज्याला विचाराल तो स्वतः वापरतो तेच तुमच्या गळ्यात मारतो. एक सांगतो आर्च टाक, सगळं एकदम लेटेस्ट मिळतं, दुसरा म्हणतो डेबियन टाक आणि दोन वर्षं त्याच्याकडे बघूच नको, तिसरा म्हणतो फेडोरा घे, दोन्हीच्या मधलं आहे. तिघांचंही आपापल्या जागी बरोबर असतं पण ऐकणाऱ्याचा गोंधळ काही सुटत नाही, कारण एकाच लिनक्सचे हे वेगवेगळे वेग मुळात आले कुठून हे कोणी बसून सांगत नाही. ते एकदा कळलं की निवड बरीच सोपी होते, म्हणून आधी तेच बघू.

डेस्कटॉप लिनक्स ही एका कंपनीने बनवलेली एकसंध वस्तू नाही. कर्नल म्हणजे सिस्टिमचा गाभा, तो बनवणारे वेगळे, ग्नोम आणि केडीई हे डेस्कटॉप बनवणारे वेगळे, फायरफॉक्सवाले वेगळे, लिब्रेऑफिसवाले वेगळे, आणि खाली आवाज, वायफाय, फॉन्ट, प्रिंटिंग सांभाळणारे कितीतरी छोटे प्रोजेक्ट अजून वेगळे. प्रत्येकाचं वेळापत्रक आपापलं. कर्नलचं नवीन व्हर्जन साधारण ९-१० आठवड्यांनी येतं, ग्नोमचं दर ६ महिन्यांनी मार्च आणि सप्टेंबरच्या सुमारास, फायरफॉक्सचं ४ आठवड्यांनी, लिब्रेऑफिसचं वर्षातून दोनदा, आणि कोणी कोणासाठी थांबत नाही. हे सगळं गोळा करायचं, एकमेकांशी जुळतंय का बघायचं आणि तुमच्या मशीनपर्यंत पोचवायचं हे काम डिस्ट्रोचं. आणि डिस्ट्रो-डिस्ट्रोमधला मोठा फरक इथेच आहे, की हे पोचवायचं कधी. आलं की लगेच, का सहा महिन्यांनी गठ्ठ्याने, का दोन वर्षांनी गठ्ठ्याने.

स्टेबलचं उदाहरण डेबियन. १९९३ मध्ये इयन मर्डॉक यांनी सुरू केलेला प्रोजेक्ट, आता साधारण दर दोन वर्षांनी नवीन रिलीज येतं: २०२१ मध्ये बुल्सआय, २०२३ मध्ये बुकवर्म, २०२५ मध्ये ट्रिक्सी. रिलीजच्या काही महिने आधी फ्रीझ लागतो, म्हणजे आता नवीन काही आत घ्यायचं नाही, फक्त जे आत आहे त्यातले बग काढायचे. ट्रिक्सीचा फ्रीझ मार्च २०२५ मध्ये सुरू झाला आणि रिलीज ऑगस्टमध्ये आलं, त्यात कर्नल ६.१२ आणि ग्नोम ४८. पुढच्याच महिन्यात ग्नोम ४९ आलं, पण ट्रिक्सीवाल्यांना ते मिळणार नाही, त्यांचं ४८ म्हणजे ४८, पुढचं रिलीज येईपर्यंत. मधल्या काळात येतात ते सिक्युरिटी फिक्स आणि गंभीर बगांचे फिक्स, बाकी काही हलत नाही. बटण आज जिथे आहे तिथेच वर्षभराने असतं, कॉन्फिग फाइलचा फॉरमॅट तोच राहतो, तुम्ही लिहिलेली स्क्रिप्ट तशीच चालत राहते.

इथे बऱ्याच जणांना एक भीती वाटते की जुनं व्हर्जन म्हणजे भोकं पडलेलं व्हर्जन. तसं नसतं, कारण मधे बॅकपोर्टिंग नावाचं फार मेहनतीचं काम चालतं. एप्रिल २०१४ मध्ये ओपनएसएसएल या इंटरनेटवरचा डेटा गुप्त ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरमधला हार्टब्लीड बग जाहीर झाला, सगळ्या जगाची झोप उडाली होती, आणि ओपनएसएसएलने स्वतः फिक्स दिला तो १.०.१जी या व्हर्जनमध्ये. त्या वेळच्या डेबियन स्टेबलमध्ये १.०.१ई होतं. डेबियनवाल्यांनी नवीन व्हर्जन आणलं नाही, फक्त तेवढी दुरुस्ती काढून आपल्या १.०.१ई मध्येच बसवली आणि पॅकेजच्या नंबरला मागे एक शेपूट जोडलं. म्हणून व्हर्जनचा नुसता नंबर बघून "अरे हे तर जुनं आहे, धोकादायक आहे" असं म्हणू नये, आत फिक्स आलेला असतो. हे काम करणारी बरीच माणसं स्वयंसेवक असतात, दुसऱ्याचा कोड वाचून त्यातली चारच ओळींची दुरुस्ती जुन्या कोडमध्ये बसवायची आणि बाकी काही तुटू द्यायचं नाही, यात कसलंही नाव होत नाही, आणि त्यांच्यामुळे लाखो मशीन शांतपणे चालतात. मला या लोकांबद्दल मनापासून आदर आहे.

पण स्टेबल घेतलं म्हणजे बग नाहीत असं समजून बसाल तर फसाल. तिथे बदल होत नाहीत इतकीच हमी असते, जे आत गेलंय ते बगसकटही तसंच राहू शकतं. एखादा छोटा त्रास, समजा फाइल मॅनेजरमध्ये एखादी विंडो चुकीच्या जागी उघडते, हा काही "गंभीर" बग नाही, म्हणून मूळ प्रोजेक्टने तो दोन महिन्यांत सुधारला तरी तुमच्याकडे तो पुढच्या रिलीजपर्यंत राहील. आणि कधीकधी फिक्सच घात करतो. डिसेंबर २०२३ मध्ये डेबियन १२.३ यायचं होतं, त्यातल्या कर्नलमध्ये ईएक्सटी४ फाइलसिस्टिमचा (डिस्कवर फाइल्स मांडायच्या पद्धतीचा) डेटा खराब करू शकेल असा बग निघाला, तो बग मुळात जुन्या कर्नलमध्ये फिक्स बॅकपोर्ट करतानाच शिरला होता. डेबियनने १२.३ थांबवलं आणि सुधारलेलं कर्नल घालून थेट १२.४ काढलं. तर स्टेबलवर असलात तरी बॅकअप हवाच, त्यात सूट नाही.

दुसरी एक बाजू कोणी फारशी बोलत नाही ती म्हणजे मूळ प्रोग्राम लिहिणाऱ्याची. त्याने बग सुधारून वर्ष झालेलं असतं आणि तरी स्टेबल डिस्ट्रोवरचे लोक त्यालाच मेल करून तोच बग कळवत राहतात. २०१६ मध्ये एक्सस्क्रीनसेव्हरच्या लेखकाने याच कारणावरून डेबियनला उघड सांगितलं होतं की एकतर नवीन व्हर्जन द्या नाहीतर माझा प्रोग्राम काढून टाका. म्हणून स्टेबल वापरत असाल तर बग आधी आपल्या डिस्ट्रोकडे नोंदवायचा, थेट मूळ प्रोजेक्टकडे जायचं नाही. हे साधं आहे पण कोणी सांगत नाही.

आता दुसरी बाजू, रोलिंग. आर्च लिनक्स २००२ पासून आहे, ओपनसुसे टम्बलवीड सध्याच्या रूपात २०१४ पासून. यांच्यात मोठं रिलीज असा प्रकारच नाही, एकदा टाकलं की नवीन येईल तसं येत राहतं, कर्नल, डेस्कटॉप, ब्राउझर, सगळं, बऱ्याचदा मूळ प्रोजेक्टने काढल्यापासून काही दिवसांत. याचा सगळ्यात मोठा फायदा "नवीन फीचर" हा नाहीये, तो बग लवकर सुटतात हा आहे. तुम्ही बग कळवला, लेखकाने सुधारला, आठवड्या-दोन आठवड्यांत तुमच्या मशीनवर आला, हे चक्र इतकं छोटं असण्यात एक वेगळंच समाधान आहे, आणि ज्याला या प्रोजेक्ट्समध्ये हातभार लावायचाय त्याच्यासाठी तर रोलिंगला पर्यायच नाही.

बदल कोणालाच चुकत नाही, पैसे फेडण्यासारखं आहे ते, रोलिंगवाला हप्त्याहप्त्याने फेडतो आणि स्टेबलवाला दोन वर्षांनी एकरकमी. रोलिंगमध्ये दर आठवड्याला थोडं थोडं बदलतं, त्यातलं एखादं तुटतं, तुम्ही अर्धा तास घालवता आणि पुढे जाता. स्टेबलमध्ये दोन वर्षं काही होत नाही आणि मग बुकवर्मवरून ट्रिक्सीवर जायच्या दिवशी कर्नल ६.१ चं ६.१२ होतं, ग्नोम ४३ चं ४८ होतं, केडीई प्लाझ्मा ५ चं ६ होतं, सगळं एका दुपारी. पण ती दुपार कुठली हे तुम्ही ठरवता, खरी किंमत याची आहे. परीक्षा संपल्यावर, काम कमी असताना, बॅकअप घेऊन. रोलिंगमध्ये मोठा बदल कधी येईल हे तुमच्या हातात नसतं, अपडेट चार दिवस पुढे ढकलता येतं, चार महिने नाही.

का नाही, हे समजून घ्या कारण आर्चवर पडणाऱ्या नवीन लोकांची गाडी बहुतेक वेळा इथेच रुळावरून घसरते. लिनक्समध्ये बरेच प्रोग्राम एकच लायब्ररी, म्हणजे तयार कोडचा संच, वाटून घेतात. लायब्ररीचं नवीन व्हर्जन आलं आणि ते आधीच्याशी जुळत नसलं की डिस्ट्रोवाले तिच्यावर चालणारे सगळे प्रोग्राम नव्याने बांधून एकदम सोडतात. आता तुम्ही म्हणालात की मला फक्त हा एक प्रोग्राम अपडेट करायचाय बाकी राहू दे, तर तो प्रोग्राम नवीन लायब्ररी शोधणार आणि ती तुमच्याकडे नाही, नाहीतर उलट, लायब्ररी नवीन आली आणि जुने दहा प्रोग्राम उघडायचे बंद झाले. म्हणून आर्चमध्ये अर्धवट अपडेटला सपोर्टच नाही, करायचं तर पूर्ण सिस्टिम. आणि खूप दिवसांनी केलं तर डाउनलोड काही जीबींचं होतं, मधल्या काळात हाताने करायच्या ज्या स्टेप्स सांगितल्या गेल्या त्या एकदम अंगावर येतात. जे मशीन दोन-तीन महिन्यांतून एकदा उघडलं जातं त्याच्यावर रोलिंग टाकूच नये असं माझं स्पष्ट मत आहे.

हाताने करायच्या स्टेप म्हणजे काय याचं उदाहरण ऑगस्ट २०२२ चं ग्रब प्रकरण. ग्रब म्हणजे कॉम्प्युटर चालू झाल्यावर लिनक्सला उठवणारा बूटलोडर. त्याचं पॅकेज अपडेट झालं की डिस्कवरच्या फाइल्स नवीन होतात, पण बूटच्या जागी प्रत्यक्ष बसवलेला ग्रब जुनाच राहतो, तो वेगळा बसवावा लागतो. त्या अपडेटनंतर नवीन कॉन्फिग तयार झालं आणि त्यातली एक आज्ञा जुन्या बसवलेल्या ग्रबला कळेना, परिणाम असा की आर्चवर आधारलेल्या सिस्टिम्सवर, एंडेव्हरओएसवर विशेष करून, बऱ्याच जणांची मशीन लिनक्सच्या ऐवजी थेट फर्मवेअर सेटिंगच्या स्क्रीनवर जायला लागली. उपाय अवघड नव्हता, लाइव्ह यूएसबीने बूट करून ग्रब परत बसवायचा, पण तो माहीत असणं आणि त्या क्षणी हाताशी दुसरं मशीन आणि यूएसबी असणं, हे ज्याच्याकडे नव्हतं त्याचा दिवस गेला. आर्चची अपेक्षाच अशी असते की अपडेटच्या आधी त्यांच्या होमपेजवरची सूचना वाचा. ती सवय लावायची तयारी असेल तर आर्च उत्तम, त्याचा विकी तर इतका चांगला आहे की दुसरी डिस्ट्रो वापरणारे लोकही तोच वाचतात.

टम्बलवीडने हाच प्रश्न जरा वेगळ्या पद्धतीने हाताळलाय आणि मला ती पद्धत फार आवडते. तिथे पॅकेजेस सुटी सुटी न सोडता पूर्ण सिस्टिमचा एक स्नॅपशॉट बनवतात, तो ओपनक्यूए नावाच्या यंत्रणेतून जातो जी आपोआप इन्स्टॉल करून, बूट करून, विंडो उघडून, स्क्रीनवर दिसायला हवं ते दिसतंय का हे तपासते, आणि पास झाला तरच सोडतात. शिवाय डिफॉल्ट फाइलसिस्टिम बीटीआरएफएस आणि जोडीला स्नॅपर, त्यामुळे अपडेटच्या आधीची अवस्था आपोआप जपली जाते, काही बिघडलं तर बूट मेनूतून कालची सिस्टिम निवडायची आणि कामाला लागायचं. पहिल्यांदा रोलिंग करून बघायचं असेल त्याला मी आर्चच्या आधी हेच सांगेन.

मधली वाट म्हणजे फेडोरा. दर ६ महिन्यांनी रिलीज, एका रिलीजला साधारण १३ महिने सपोर्ट, म्हणजे मनात आलं तर एक रिलीज वगळून वर्षातून एकदाच अपग्रेड केलं तरी चालतं. नवीन तंत्र मोठ्या डिस्ट्रोमध्ये बहुतेकदा इथेच आधी येतं: विंडो स्क्रीनवर दाखवणारं वेलँड ग्नोमसाठी डिफॉल्ट केलं २०१६ मध्ये, डेस्कटॉपवर बीटीआरएफएस २०२० मध्ये, आवाजासाठी पाइपवायर २०२१ मध्ये. आणि एक बारीक गोष्ट, फेडोरामध्ये एकाच रिलीजच्या आत कर्नल पुढे सरकत राहतं पण ग्नोमचं मोठं व्हर्जन तेच राहतं, म्हणजे हार्डवेअरची बाजू जवळपास रोलिंगसारखी आणि डोळ्यासमोरची बाजू सहा महिने स्थिर. हे मिश्रण बऱ्याच जणांना मानवतं. उबुंटूची एलटीएस, म्हणजे लांब सपोर्टची, रिलीज दर दोन वर्षांनी एप्रिलमध्ये येते आणि ५ वर्षं सपोर्ट असतो, मधल्या रिलीजना फक्त ९ महिने, त्या मधल्या रिलीज मी तरी नवख्या माणसाला सुचवणार नाही. लिनक्स मिंटचं मुख्य व्हर्जन उबुंटू एलटीएसवरच उभं आहे.

डेबियन टेस्टिंग, म्हणजे पुढच्या रिलीजची तयारी चालते ती शाखा, हीसुद्धा लोकांना मधली वाट वाटते, नावावरून आणि पॅकेजेसच्या ताजेपणावरून. पण तिथे एक खड्डा आहे. स्टेबलला स्वतःची सिक्युरिटी टीम आहे, अनस्टेबल म्हणजे सिडला मूळ प्रोजेक्टकडून फिक्स लगेच येतो, टेस्टिंगला मात्र पॅकेज सिडमधून काही दिवस थांबून, अटी पूर्ण करून यावं लागतं आणि कधी ते तिथे अडकूनही पडतं. म्हणजे सिक्युरिटीच्या बाबतीत टेस्टिंग दोघांच्याही मागे पडू शकतं.

सिक्युरिटीचा विषय निघालाच आहे तर एक्सझेडचं सांगायलाच हवं. २९ मार्च २०२४ ला अँड्रेस फ्रॉइंड या इंजिनिअरने जाहीर केलं की एक्सझेड या कॉम्प्रेशनच्या प्रोजेक्टच्या ५.६.० आणि ५.६.१ व्हर्जनमध्ये कोणीतरी जाणूनबुजून मागचं दार बसवलंय. त्याला संशय आला तो एसएसएच (लांबून दुसऱ्या मशीनवर शिरायची सोय) लॉगिनला जवळपास अर्धा सेकंद जास्त लागतोय एवढ्यावरून. ती व्हर्जन्स पोचली होती डेबियन टेस्टिंग आणि सिडमध्ये, फेडोराच्या रॉहाइड या चाचणीच्या शाखेत, टम्बलवीडमध्ये, आर्चमध्येही पॅकेज आलं होतं जरी तिथल्या रचनेमुळे ते दार एसएसएचपर्यंत पोचत नव्हतं. डेबियन स्टेबलमध्ये ५.४.१ होतं, तिथे काहीच झालं नाही. यावरून लोक म्हणतात बघा, स्टेबल सुरक्षित. अर्धं खरं आहे. उशिरा येण्याचा फायदा झालाच, पण ते पकडलं गेलं ते डेबियन सिडवर काम करणाऱ्या माणसाच्या हातून. सगळेच जर मागे थांबून राहिले असते तर ते पकडलं कोणी असतं? पुढे राहणारे लोक धोका पत्करतात म्हणून मागच्यांना गाळून आलेलं मिळतं, दोन्ही गटांनी एकमेकांना नावं ठेवण्याआधी हे ध्यानात ठेवायला हवं.

आर्चवाल्यांनी एयूआरबद्दल अजून सावध राहायला हवं. एयूआर म्हणजे कोणीही पॅकेजची कृती टाकू शकेल अशी जागा, अधिकृत पॅकेजेसपेक्षा पूर्ण वेगळी. जुलै २०२५ मध्ये तिथे फायरफॉक्स आणि लिब्रवुल्फसारख्या ब्राउझरची नावं लावलेली पॅकेजेस सापडली ज्यांच्या आत मशीनचा ताबा घेणारा मालवेअर होता, ती लगेच काढली गेली, पण तोवर ज्याने टाकलं त्याने टाकलं. तिथलं काही घेताना आतली कृती वाचायची, वाचता येत नसेल तर घ्यायचं नाही. आणि उबुंटूवाल्यांसाठी पण एक: युनिव्हर्स या भागातल्या पॅकेजेसना सिक्युरिटी फिक्सची तशी पक्की हमी नसते, ती उबुंटू प्रोमध्ये मिळते, आणि वैयक्तिक वापराला ५ मशीनपर्यंत ते फुकट आहे, चालू करून टाका.

आता माझ्या मते ज्याने खरा निकाल लागतो तो मुद्दा, हार्डवेअर. लिनक्समध्ये बहुतेक ड्रायव्हर कर्नलच्या आतच असतात आणि ग्राफिक्सचा वरचा भाग मेसा या प्रोजेक्टमध्ये. म्हणजे जुनं कर्नल याचा सरळ अर्थ त्या तारखेनंतर आलेलं हार्डवेअर त्याला ओळखू येईलच असं नाही. एएमडीचं आरएक्स ९०७० कार्ड मार्च २०२५ मध्ये बाजारात आलं, डेबियन बुकवर्मचं कर्नल ६.१ आणि मेसा २२.३ त्याच्या कितीतरी आधीचे, त्यांना ते कार्ड माहीत असण्याचा प्रश्नच नाही. हेच नवीन वायफाय चिपचं, नवीन लॅपटॉपच्या साउंडचं, झाकण बंद केल्यावर झोपी जाण्याचं. तुमचं मशीन गेल्या सहा-आठ महिन्यांत बाजारात आलेलं असेल तर फेडोरा किंवा टम्बलवीडपासूनच सुरुवात करा, उगाच जुन्या कर्नलशी झगडत नाकी नऊ आणून घेऊ नका. स्टेबलच हवं असेल तर डेबियनमध्ये बॅकपोर्ट्समधून नवीन कर्नल घेता येतं, आणि उबुंटू एलटीएस स्वतःच मधे मधे नवीन कर्नल देतं, २४.०४ सुरू झालं ६.८ वर आणि ऑगस्ट २०२५ च्या २४.०४.३ मध्ये ६.१४ आलं होतं. तीन-चार वर्षं जुन्या मशीनला बहुतेकदा यातलं काहीच लागत नाही.

एनव्हिडियाचं गणित उलटं. त्यांचा ड्रायव्हर कर्नलच्या बाहेर असतो आणि प्रत्येक नवीन कर्नलसाठी त्याचा मॉड्यूल नव्याने बांधावा लागतो. कर्नल पुढे गेलं आणि ड्रायव्हर त्याच्याशी जुळायला अजून तयार नाही असं झालं की काळी स्क्रीन. म्हणून एनव्हिडिया कार्ड असेल तर फार वेगाने धावणारी डिस्ट्रो घेताना दोनदा विचार करा, आणि आर्चच घ्यायचं ठरलं तर नेहमीच्या कर्नलबरोबर एलटीएस कर्नलही टाकून ठेवा, एक नाही चाललं तर बूट मेनूतून दुसरं निवडता येतं. मात्र जुनाट ड्रायव्हर पण नको, कारण वेलँडवर एनव्हिडियाचं विंडो चमकण्याचं दुखणं बरंच कमी झालं ते २०२४ च्या ५५५ ड्रायव्हरपासून आणि त्याला साथ देणाऱ्या नवीन डेस्कटॉपमुळे.

आतापर्यंत पूर्ण सिस्टिम एकाच वेगाने चालते असं धरून बोललो, पण तसं राहिलेलं नाही, आणि नवीन माणसाला माझा सल्ला इथूनच निघतो. पाया सावकाश ठेवा आणि वरची ॲप्स ताजी घ्या. फ्लॅटपॅकमुळे हे सोपं झालंय, ॲप आपल्या लागणाऱ्या लायब्ररी स्वतःबरोबर घेऊन येतं म्हणून खालची सिस्टिम दोन वर्षं जुनी असली तरी त्याला फरक पडत नाही. डेबियनवर बसून फ्लॅटहब या फ्लॅटपॅक ॲप्सच्या दुकानातून लेटेस्ट लिब्रेऑफिस, गिंप, क्रिटा, ओबीएस सगळं मिळतं. डिस्कवर जागा जास्त लागते, आणि ॲप जरा बंदिस्त असल्याने कधी एखादं फोल्डर त्याला दिसत नाही, मग परवानगी देऊन टाकायची, त्यासाठी फ्लॅटसील नावाचं छोटं ॲप आहे. प्रोग्रामिंग करणाऱ्यांना नवीन टूल्स लागतात त्यांच्यासाठी डिस्ट्रोबॉक्स, डेबियनच्या आत आर्च किंवा फेडोराचा कंटेनर, म्हणजे वेगळी बंदिस्त जागा, उघडायचा आणि त्यात हवं ते टाकायचं, बाहेरच्या सिस्टिमला धक्का नाही. कर्नल, ड्रायव्हर आणि खुद्द डेस्कटॉप मात्र फ्लॅटपॅकने येत नाही, ग्नोमचं नवीन व्हर्जनच हवं असेल तर डिस्ट्रोच बदलावी लागेल.

जे अजिबात करू नये ते म्हणजे स्टेबल डेबियनमध्ये सिडची नाहीतर उबुंटूची रिपॉझिटरी (पॅकेजेसचा साठा) जोडून एखादं पॅकेज ओढून घेणं. लोक याला फ्रँकनडेबियन म्हणतात. ते एक पॅकेज आपल्याबरोबर नवीन मूळ लायब्ररी आणतं, ती लायब्ररी अजून दहा गोष्टी हलवते, आणि पुढच्या अपग्रेडला सगळं इतकं गुंततं की परत इन्स्टॉल केल्याशिवाय सुटत नाही. नवीन आणि जुनं दोन्ही हवं असेल तर वर सांगितलेले रस्ते आहेत, ते वापरा.

पॅकेज किती ताजं आणि सिस्टिम किती भरवशाची या दोन गोष्टी एकच नाहीत हे स्टीमओएस बघितल्यावर नीट कळतं. फेब्रुवारी २०२२ मध्ये आलेल्या वाल्व्ह कंपनीच्या स्टीम डेक या हातातल्या गेमिंग मशीनवर जे स्टीमओएस आहे त्याच्या खाली आर्च आहे, पण वापरणाऱ्याला आर्चची कुठलीच कटकट नाही, कारण वाल्व्ह ठराविक टप्प्यावरचा संच पकडते, तपासते, आणि पूर्ण सिस्टिमची प्रतिमा एकदम पाठवते. मूळ सिस्टिम फक्त वाचण्यापुरती उघडी, अपडेट दुसऱ्या पार्टिशनवर जातं, नाही चाललं तर आधीचं तसंच शाबूत. फेडोरा सिल्व्हरब्लू आणि किनोईट याच जातीतले, आधीची अवस्था बूट मेनूत राहते. थोडी सवय वेगळी लागते, ॲप्स जवळपास सगळी फ्लॅटपॅकने घ्यावी लागतात, पण नवीन पॅकेजेस हवीत आणि तुटण्याची भीती वाटते अशा माणसाला हा पर्याय आवर्जून बघायला सांगेन.

तर मशीन जुनं आहे आणि कामाचं आहे, किंवा घरातल्या अशा कोणासाठी आहे ज्यांना दर महिन्याला काही नवीन शिकायचं नाही, तिथे मिंट किंवा डेबियन आणि वर फ्लॅटपॅक. मशीन नवीन असेल तर फेडोरा. दोन मशीन असतील आणि शिकायची हौस असेल तर एकावर टम्बलवीड, आणि सगळं स्वतः वाचून, जोडून, समजून घ्यायचं असेल तर आर्च, पण ते दुसऱ्या मशीनवर, ज्यावर उद्या सकाळी सबमिशन किंवा मीटिंग आहे त्याच्यावर नाही.

ठरवण्याआधी लाइव्ह यूएसबीवरून चालवून बघा, इन्स्टॉल न करता. बघायचं काय तर वायफाय लागतंय का, आवाज येतोय का, माइक आणि कॅमेरा चालतोय का, बाहेरचा मॉनिटर असेल तर तो जोडून चित्र येतंय का, आणि झाकण बंद करून पाच मिनिटांनी उघडल्यावर मशीन जागं होतंय का, हे शेवटचं लोक विसरतात आणि नंतर सगळ्यात जास्त त्रास त्याचाच होतो. सुरुवात सावकाश डिस्ट्रोपासून करा, डेबियन किंवा मिंटच्या यूएसबीवर हे सगळं पास झालं तर तुमच्या हार्डवेअरला नवीन कर्नलची गरज नाही, तिथेच थांबा. एखादं अडलं तर फेडोराची यूएसबी लावून तेच परत बघा, तिथे चाललं तर कारण कर्नल किंवा ड्रायव्हरच्या वयात आहे हे कळलं. इन्स्टॉल करताना होमसाठी (तुमच्या फाइल्सच्या फोल्डरसाठी) वेगळं पार्टिशन ठेवलंत तर पुढे डिस्ट्रो बदलावीशी वाटली तरी फाइल्सना हात लावावा लागणार नाही, फक्त तेव्हा होमचं पार्टिशन फॉरमॅट करायची खूण लागलेली नाही ना हे पुढचं बटण दाबायच्या आधी तपासा.